सालूचं टोपरं

तेरेजनं कुंचा चुन्यात बुडवला आणि लहानग्या क्रुसावर खालून वर एक पांढरा पट्टा ओढला. मागच्या वर्षीचा चुना पावसानं धुऊन नेला होता आणि लाकडाला शेवाळ धरलं होतं. उद्या मृतांचा दिवस. पनवेलातली मूठभर ख्रिस्ती घरं उद्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन या दफनभूमीत येणार, प्रार्थना म्हणणार, आणि प्रार्थना म्हणता म्हणता कुणाच्या क्रुसाला शेवाळ आहे तेही बघून ठेवणार.

"बसून कर गो. पोट घेऊन वाकतेस काय अशी?" हौसा म्हणाली.

हौसा करंजाड्याची सुईण. आजूबाजूच्या गावांतली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती तिच्या हातांत, आणि त्यांतली बरीचशी आता तोंड वर करून तिच्याशीच भांडत. तेरेजला सातवा महिना लागला होता. चुन्यासाठी पाणी तिनं उचलू नये म्हणून हौसा तळ्यावरून कळशी डोक्यावर घेऊन आली होती, आणि आता भिंतीच्या सावलीत पाय पसरून तंबाखू मळत बसली होती.

क्रुसावर नाव होतं साल्वादोर. घरात तो सालू. नाव तेरेजच्या नवऱ्यानं, पास्कूनं, स्वतः कोरलं होतं. पास्कू मिठागरांवरचा सुतार. खाडीचं पाणी आत घ्यायच्या आणि बाहेर सोडायच्या ज्या उघाड्या बांधांत असतात, त्यांच्या फळ्या बसवायचं काम त्याचं. छप्पन सालच्या उन्हाळ्यात दोघं मिठागरावरच्या झोपडीत राहत असताना सालू दिवस भरायच्या आधीच आला आणि आल्या पावली परत गेला. तेरेज तेव्हा शुद्धीवर नव्हती. तिनं डोळे उघडले तोवर पास्कूनं पेटीला खिळे मारले होते. सालूचा आवाज तिनं ऐकला नाही आणि तिचा सालूनं ऐकला नाही.

पण हौसानं त्याला बाप्तिस्मा दिला होता, आणि तेरेजच्या सगळ्या धीराचा पाया तोच होता. त्या वेळच्या फादरांनी खाडीकाठच्या सुइणींना देवळाच्या ओसरीत बसवून शिकवलं होतं (इथले ख्रिस्ती आपल्या चर्चला देऊळच म्हणतात). ख्रिस्ती बाईचं मूल हातचं जातंय असं दिसलं आणि फादर जवळ नसला, तर कुणीही, अगदी हिंदू किंवा मुसलमान सुईणही, त्याच्या डोक्यावर पाणी घालून ठरलेले शब्द म्हणाली की बाप्तिस्मा पुरा होतो. म्हणून सालू भिंतीच्या आत, पवित्र मातीत होता. ज्यांच्या डोक्यावर पाणी पडलं नाही ती बाळं भिंतीबाहेर, करंजाच्या झाडाखाली. त्यांच्यावर क्रूस नव्हते, नुसते दगड होते.

तेरेजनं क्रूस रंगवून कुंचा खाली ठेवला. तशी हौसा उठली. पदराखालून तिनं एक शहाळं काढलं, कमरेच्या कोयत्यानं त्याचं तोंड उडवलं आणि आतलं पाणी हळूहळू त्या लहान कबरीवर ओतलं.

"घे रं बाबा. तुझ्या वळखीचाच हाय."

"ओळखीचं म्हणजे?" तेरेजनं विचारलं.

"तवा डोक्यावर ह्योच घातलेला ना. कवळ्या नारळाचा पानी."

तेरेजनं तिच्याकडं पाहिलं. "बाप्तिस्म्याचं पाणी? तू साधं पाणी नाय घातलंस?"

"साधा कसा घालीन?" हौसाला रागच आला. "मिठागरावरचा पानी तुला ठावं नाय? पिपातला, शिळा, समद्यांचे हात बुचकळलेला. नायतर मंग खाडीचा. देवाकडं चाललेल्या पोराला त्यो घालू? पास्कूनं तुझ्यासाठी नारळ आनून ठेवलेला. मी म्हनले, ह्याला मानसाचा हात लागला नाय, सूर्यानं पन ह्याला बगितला नाय. फोडला नि घातला. फादरनी शिकवलेला समदा बोलले, येक शबूद चुकले नाय."

तिच्या चेहऱ्यावर सहा वर्षांपूर्वीचा अभिमान जसाच्या तसा होता. तेरेजनं कुंचा पुन्हा उचलला, आणि त्यातून चुन्याचा एक थेंब तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

"चांगलं केलंस, हौसाबाय," ती म्हणाली आणि रंगवलेला क्रूस पुन्हा रंगवायला लागली.

दर रविवारी दुपारी देवळात मुलांना धर्माची प्रश्नोत्तरी शिकवायची ती तेरेजच. लहानपणी ती मुंबईला सिस्टरांच्या शाळेत होती, त्यामुळे ते काम तिच्याकडं आपसूक आलं होतं. बाप्तिस्मा कशानं द्यायचा? पाण्यानं. विहिरीच्या, नदीच्या, पावसाच्या, समुद्राच्या. दुधानं चालेल? नाय! उसाच्या रसानं? नाय! नारळाच्या पाण्यानं? या प्रश्नाला पोरं सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची आणि एकमेकांच्या अंगावर पडून हसायची. सहा वर्षं तीही त्यांच्याबरोबर हसत आली होती.

त्या रविवारी ती उसाच्या रसापाशी थांबली.

"बाई, नारळाचा राहिला," पोरांनी आठवण केली.

"आज घरी जा लवकर," ती म्हणाली. पोरांना तेवढंच हवं होतं.

घरातही काहीतरी बिनसलं. बाप्तिस्मा होऊन गेलेल्या बाळासाठी प्रार्थना करायची नसते, ते थेट स्वर्गात जातं. उलट त्याच्याकडंच मागायचं असतं. तेरेजनं या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला होता. सालू, वाळवणावर ढग येऊ देऊ नको. सालू, बापाचा पाय उघाडीवर घसरेल, बघ जरा. सालू, मोऱ्याच्या धक्क्याला बोट लागली असेल तर आजीला उतरवून घे. स्वर्गात इतर बाळं काय करत होती देव जाणे, सालूला मात्र उसंत नव्हती. पास्कूलाही त्याची सवय झाली होती. बायको चुलीपाशी एकटीच बोलताना ऐकली की तो समजायचा, पोराला काम लागलं.

आता ती बोलेनाशी झाली. मासळी करपली. दूध नासलं.

"सालूला सांगितला नाय वाटतं आज?" पास्कूनं हसत विचारलं.

ती नासलेलं दूध फडक्यात बांधत राहिली. पास्कूला सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते शहाळं त्यानंच आणलं होतं. उन्हात चालत जाऊन, तिच्यासाठी. तिनं फडक्याला गाठ मारली.

दुपारी जरा लवंडली की तिच्या डोळ्यांपुढं मिठागर यायचं. मीठ धरायच्या आधीचं, नुसतं पाणी घेतलेलं. चौकोनाला चौकोन लागून लांबपर्यंत गेलेले, घोट्याएवढं पाणी, आणि पाण्यात आभाळ. ऊन नव्हतं, तरी उजेड होता. वारा नव्हता. प्रत्येक चौकोनात मुलं बसलेली असायची, आपापल्या बोटांनी पाण्यावर काहीतरी काढणारी. कुणी रडत नव्हतं, कुणाला भूक नव्हती, कुणी कुणाला जेवायला हाक मारत नव्हतं. जागा इतकी सुंदर होती की तिला भरून यायचं. ती बांधावरून चालायची आणि पुढच्या एका चौकोनात तिला तो दिसायचा, पाठमोरा, मान बारीक, सहा वर्षांचा. सालू, ती म्हणायची. सालू रे. तो वळायचा नाही. हे नाव आपलं आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं? आणि हाक कुणाची आहे हे तरी त्यानं कशावरून ओळखावं? तिचा पाय बांधावरून खाली पाण्यात जायचा नाही. कितीही उतरलं तरी बांधच पायाखाली यायचा.

जागी झाली की उशी ओली असायची आणि पोटातलं बाळ लाथा मारत असायचं.

शेवटी ती फादर रुमावांकडं गेली. फादर वसईचे, मोठ्या हाडाचे, आणि वाया जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर मनापासून चिडणारे. मृतांच्या दिवशी कबरींवर उरलेली मेणबत्त्यांची थोटकं त्यांनी गोणीभर गोळा केली होती, आणि देवळामागं चुलीवर रॉकेलच्या जुन्या डब्यात ती वितळवत बसले होते. नाताळाच्या मेणबत्त्या त्यातूनच व्हायच्या होत्या.

"फादर, मुलांच्या प्रश्नोत्तरीतली एक शंका होती."

"विचार."

"नारळाचं पाणी चालतच नाही?"

"चालत नाही."

"खाडीचं गढूळ पाणी असलं तर?"

"चालतं."

"डबक्यातलं? पिपातलं? सगळ्यांचे हात लागलेलं?"

"तेही चालतं, तेरेज. पाणी ते पाणी. देवानं मुद्दाम अशी वस्तू निवडली की जी कुणालाही मिळेल. नारळ सगळ्यांच्या दारी नसतो." त्यांनी काठीनं मेणातली एक वात बाहेर काढली. "मुलं अवघड विचारायला लागली की."

"पण एखादीनं जीव लावून घातलं असलं? चांगल्यात चांगलं म्हणून?"

फादरांची काठी थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. तेरेजला वाटलं, यांना कळलं. मग वाटलं, नाही कळलं. खरं काय ते तिला पुढंही कधी समजलं नाही.

"ते मी कसं मोजू?" फादर म्हणाले. "मला जे शिकवलं तेवढं मी सांगतो. बाप्तिस्मा न झालेली अशी बाळं लिंबोत जातात. तिथं त्यांना काही दुःख नसतं. सुखात असतात. फक्त देवाचं दर्शन होत नाही."

"आणि आईचं?"

मेणावर बुडबुडा आला आणि फुटला.

"आई स्वर्गात गेली तर..." फादरांनी वाक्य पुरं केलं नाही.

"मग त्यांना सांभाळतं कोण?"

"तिथं सांभाळायची गरजच नसते."

"लहान मुलं आहेत, फादर. कुणीतरी लागतंच."

फादरांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

तेरेज जायला उठली आणि पुन्हा बसली. "आणि मोठी माणसं? ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही पण ज्यांनी कुणाचं वाईट केलं नाही, ती कुठं जातात?"

"ते देवाला ठाऊक. पूर्वीचे काही जाणते म्हणत की अशी भली माणसंही तिथंच कुठंतरी शेजारी असावीत. आता तसं ठामपणे कुणी म्हणत नाही."

"शेजारी म्हणजे किती जवळ?"

आता मात्र फादरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "हाही मुलांनीच विचारला?"

"हो."

"मग मुलांना सांग, फादरांना माहीत नाही." मग ते म्हणाले, "आणि सांग, माहीत नाही याचं फादरांना वाईट वाटतं."

परत येताना ती दफनभूमीवरून आली, पण आत गेली नाही. करंजाच्या झाडाखाली दगडांवर पिवळी पानं पडली होती. तिनं ती एकेक उचलली. वाकवत नव्हतं, तरी उचलली.

हौसा तेल चोळायला आली ती डिसेंबरातल्या एका सकाळी. उन्हात चटई घालून तेरेज पडली होती आणि हौसाचे जाड, गरम हात पोटावरून फिरत होते.

"चांगला ऐसपैस बसलाय. पाटलावानी," हौसा म्हणाली. "ह्याच्या वक्ताला मी दोन कवळे नारळ आनून ठेवते. लागायचे नायत, पन घरात असावे."

तेरेजनं डोळे मिटले. "नको. नारळ पहिल्याचा मान. पुढच्यांना विहिरीचं पाणी. फादरच म्हणाले तसं."

"असा हाय व्हय?" हौसाला ते पटलं. मानपानाची गोष्ट असली की तिला लगेच पटायची. हे खोटं तेरेजला शनिवारी फादरांपुढं गुडघे टेकून कबूल करावं लागणार होतं. तिची तयारी होती.

कावळा पन्हाळीवर येऊन बसला आणि उडाला. हौसाचे हात फिरत राहिले.

"हौसाबाय, तू मेल्यावर कुठं जाशील?"

हात थांबले. "बाळंतपन माज्या हातून करून घ्यायचा हाय का नाय तुला?"

"सांग ना."

"जायाचा कुठं? जीव परत येतो म्हनतात. कुनाच्या तरी पोटी."

हे तेरेजनं धरलंच नव्हतं. "लगेच?"

"लगेच कशाला गो? समदा जलम उकिडवी बसून गेला, दुसऱ्यांच्या पोरांची वाट बगत. आदी कुठंतरी सावलीला टेकेन. पाय सोडून बसेन."

"आणि तिथं लहान लहान पोरं असली तर? पुष्कळ. आणि बघायला कुणी नसलं तर?"

हौसानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. विचार करण्यासारखं त्यात तिला काही दिसलं नाही. "पोरां असली तं टेकायला मिळतंय व्हय? उठावाच लागंल."

तेरेज हळूच उठली, आत गेली आणि ट्रंकेतून एक टोपरं घेऊन आली. पांढऱ्या लोकरीचं, कडेला निळी वेल. सालू पोटात असताना तिनं विणलं होतं, आणि पेटीला खिळे बसल्यावर ते झोपडीच्या खुंटीवर तसंच राहिलं होतं. ते तिनं हौसाच्या तेलकट हातांत ठेवलं.

"हे तुझ्याजवळ असू दे. जाशील तेव्हा बरोबर ने."

"ह्या बाळाला लागंल ना?"

"याला दुसरं विणतेय."

हौसानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पाण्याखालून मासा जावा तसं. "सालू तं सरगात हाय ना? मी सवता धाडलाय त्याला."

सांगायचं होतं ते सगळं एका क्षणात तेरेजच्या तोंडाशी आलं. पिपातलं पाणी, खाडीचं पाणी, भिंतीबाहेरचे दगड. समोर हौसाचे हात होते, सालूला लागलेले एकमेव हात.

"हो ना," ती म्हणाली. "तूच धाडलास. पण तिथं खाली पोरं फार आहेत, हौसाबाय. ज्याला बसेल त्याला घाल."

हौसानं टोपरं उलटसुलट केलं. मग डाव्या हाताची मूठ वळली, टोपरं त्या मुठीवर चढवलं, आणि उजव्या हातानं कडा अलगद खाली ओढून घेतल्या. मूठ थोडी डावीकडं कलती धरून ती बघत राहिली. तेरेजही बघत राहिली. एवढंच होतं तर त्याचं डोकं. तिला आजवर ते कुणी दाखवलं नव्हतं.

"सालूच्याच मापाचा हाय ह्या," हौसा म्हणाली.

तिनं टोपऱ्याची घडी केली, तंबाखूच्या पिशवीत घातली आणि पिशवी कमरेला खोचली. तेलाची वाटी धुतली, पाणी प्याली, पुढच्या सोमवारी येते म्हणाली. नेहमीसारखीच उंबऱ्याला हात लावून ती रस्त्याला लागली. गुडघ्यांमुळं ती आताशा जरा झुकत चालायची.

तेरेज दारात उभी राहिली. हौसा कोपऱ्यावरच्या दुकानापाशी दिसेनाशी झाली. मग तेरेजनं एक हात पोटावर ठेवला, आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा त्याला हाक मारली.

"सालू," ती म्हणाली, "तिला इतक्यात बोलावू नको हं."